शशी, ‘दुगुन’चं कव्हर आणि आपलं भांडण

शशी, दुसऱ्या अंकाचं कव्हर काल दुपारी छापायला गेलं. तुला जाऊन तीन आठवडे झाले. पहिल्या अंकाची फाइल पाठवली तेव्हा तू दुकानाबाहेर येऊन मला अशी मिठी मारली होतीस, की कोर्टाकडे चाललेले दोन वकील थांबून पाहायला लागले. काल तसं काही झालं नाही. पण छातीत धडधड तीच होती. ती कुणाला सांगावी ते कळेना, म्हणून लिहायला बसलो.

तू कुठं जन्मलास, काय शिकलास, मागं कोण कोण आहे, हे सगळं पेपरात येऊन गेलं. तुझं वय दोन वर्षांनी चुकवलं त्यांनी. फ्लेक्सच्या दुकानाचं नाव बरोबर दिलं. ‘दुगुन’चा मात्र एक शब्द नव्हता. तेवढंच मी लिहितो.

मागच्या वर्षी कॉलेजातला तास संपवून मी तुझ्याकडे आलो, तेव्हा स्क्रीनवर कुठल्याशा भावी नगरसेवकाचा वाढदिवस होता आणि तू त्याच्या गालावरचे डाग पुसत होतास. मी गाणं शिकवणारा माणूस. गावोगाव फिरताना जे ऐकत होतो ते पोटात मावेना झालं होतं. आपल्या जिल्ह्यात किती वाजतं, किती गायलं जातं. भजनी मंडळं, बँडवाले, सनईवाले, कव्वाल, आता तर मोबाइलवर वऱ्हाडीत रॅप करणारी पोरंपण. यांच्यावर कुणी एक पान लिहीत नाही. तर आपण दर तीन महिन्यांनी एक अंक काढायचा, मी म्हणालो. नाव ‘दुगुन’. लय दुप्पट केली की तिला म्हणतात ती दुगुन.

तू सगळं ऐकून घेतलंस आणि एकच विचारलंस, “कव्हर कोन करनार?”

“तूच. माझ्या डोक्यात आहे ते. जलरंगातला तंबोरा, मागून उगवणारा सूर्य, खाली एखादं कमळ.”

तू माउस सोडून माझ्याकडे वळलास. “मास्तर, हे तं लग्नाची पत्रिका हाय बे.”

मोताळ्याच्या शाळेत आपण एका बाकावर बसायचो तेव्हापासून तू मला असाच एका वाक्यात आडवा करत आला होतास. मी चिडून निघून गेलो.

दोन दिवसांनी तुझा फोन. “कॉलेज सुटलं का सिद्दा इकडंच ये, घरी नोको जाऊ.” आलो तर दुकानाची फरशी दिसत नव्हती. बुलढाण्याच्या, खामगावच्या रद्दीवाल्यांकडून उचलून आणलेली गाण्याची मासिकं तू ओळीनं मांडली होतीस. इंग्रजी, हिंदी, आणि एक असं, की त्याची भाषा कुठली तेही आपल्याला सांगता येईना. काहींवर चहाचे डाग, एकाचा कोपरा उंदरानं खाल्लेला. तू गुडघ्यांवर बसून फूटपट्टीनं मोजत होतास. तुझी बायको सुनंदा, म्हणजे आमच्या वहिनी, कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका टाइप करता करता हसत होत्या.

“पाह्य,” तू म्हणालास. “यायले एकमेकाची भाषा येत नाई. पन साऱ्यायनं कव्हर एकाच रीतीनं केलं. काऊन?”

“एकमेकांची नक्कल केली असेल.”

“नक्कल नाई बे. परक्याच्या घरात गेलं तरी चूल कुठी असन, देव कुठी असन, आपल्याले अंदाज येते ना? तसं. पाह्यनाऱ्याले हुडकाव लागू नाई.”

मग तू मला ते एकेक दाखवत गेलास, आणि शशी, खरं सांगतो, आयुष्यात मी इतका चांगला तास कुठल्या प्राध्यापकाचा ऐकला नाही. नाव सगळ्यात वर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तू त्याला कपाळ म्हणालास. कपाळाखाली एकच चेहरा, खांद्यापासून वरचा, आणि त्याचे डोळे पाहणाऱ्याच्या डोळ्यांत. गर्दी नाही, गटाचा फोटो नाही. रंग तीन, फार तर. खाली मोठ्या अक्षरांत त्या चेहऱ्याचं नाव आणि त्याची एक ओळ. कोपऱ्यात एक गोल ठिपका, आत काय खास आहे ते सांगणारा. त्याला तू टिकली म्हणालास. किंमत आणि तारीख बारीक, खाली, जिथं कुणाचं लक्ष जात नाही.

मग तू एक कोरा कागद घेतलास आणि प्रत्येक कव्हरावर असा ठेवलास, की डावीकडची चार बोटं पट्टी तेवढी उघडी राहील. “स्टॉलवर अंक एकावर एक लावतात. दिसते हेवढंच. म्हनून आतल्या लेखायची नावं डाव्या अंगाले. उजव्या अंगाले लिवलेलं कोनी वाचत नाई.”

मी तरी कुरकुरलोच. “सगळ्यांसारखंच करायचं तर त्यात आपलं काय राहिलं?”

“तोंड,” तू म्हणालास. “साचा त्यायचा, तोंड आपलं. आजपावतर ह्या साच्यात आपल्या इकडचं कोनी बसलं का? आपल्या मानसाचा फोटो येते तो सत्काराचा. हार, श्रीफळ, बाजूले पाच पुढारी. साचा सोडला का लोक म्हनतीन, गावचं हाय, चालते. मले ते ‘चालते’ नाई पाह्यजे, मास्तर.”

त्या दिवशी घरी जाताना मी तंबोरा, सूर्य आणि कमळ तिन्ही विसरून गेलो.

चेहरा कुणाचा, यावर मात्र वाद झाला नाही. डोणगावच्या एका सप्ताहात मी मथुराबाईंना ऐकलं होतं. साठीच्या, सडसडीत, वांगी-मिरची-मेथी लावणाऱ्या. बायकांच्या भजनी मंडळात मृदंग वाजवायच्या. लहानपणी बापाचं ऐकून तेलाच्या डब्यावर हात बसवला, पुढं मंडळाचा मृदंगवाला गाव सोडून गेला तेव्हा यांनी मृदंग ओढून मांडीवर घेतला आणि मग परत दिलाच नाही. तुला एवढं सांगितलं आणि तू कॅमेऱ्याची बॅटरी चार्जिंगला लावलीस.

रविवारी आपण तुझ्या मोटरसायकलवरून चिखली, मेहकर करत डोणगावला गेलो. मथुराबाई मेथीच्या जुड्या बांधत होत्या. त्यांनी हात धुतले, परातीतल्या पोळ्यांच्या कणकेतला एक गोळा तोडला आणि मृदंगाच्या डाव्या तोंडावर, ते घुमावं म्हणून, थापायला बसल्या. तू भारावून गेला होतास. माझ्या कानाशी येऊन म्हणालास, “पोयीचीच कनीक हाय बे.”

पण कॅमेरा दिसला तसा त्यांनी पदर पुढं ओढला. “माह्या तोंडाचं काय घेता? हात घ्या. वाजवते तं हात.”

मला ते पटलं. कणीक लागलेले हात, कातड्यावर पडलेली थाप. किती सुंदर कव्हर होईल, असं मी हळूच म्हणालो. तू मान हलवलीस. “हात आत टाकू. कव्हरवर तोंड.”

तासभर काही जमेना. वाजवताना त्या मृदंगाकडे पाहायच्या आणि ‘आजी, इकडं पाहा’ म्हटलं की आधार कार्डाच्या फोटोसारख्या ताठ व्हायच्या. शेवटी तू कॅमेरा तिवईवर लावलास, बटण माझ्या हातात दिलंस आणि त्याच्या मागं उकिडवा बसून म्हणालास, “आजी, तुमी वाजवा. मी टाळ धरतो.”

शाळेच्या प्रार्थनेत सगळी शाळा टाळी देऊन थांबली की तुझी एकट्याची टाळी मागून यायची, हे मला ठाऊक होतं. बाईंनी ठेका धरला. पहिली दोन आवर्तनं तू कसाबसा निभावून नेलास. तिसऱ्याला त्या रंगात आल्या, हात मोकळे झाले, आणि बरोबर तेव्हा तुझा टाळ एक मात्रा आधीच पडला.

त्यांचे हात थांबले नाहीत. फक्त मान वर आली, आणि ते डोळे, शशी. इतकी वर्षं कुणी ठेका बिघडवला की त्याच्याकडे ज्यांनी पाहिलं असेल, ते डोळे. मी दचकून बटण दाबलं.

“पोट्ट्या,” त्या म्हणाल्या, “सम कुठी हाय अन् तू कुठी हाय?”

परतीच्या वाटेवर तू मेहकरपर्यंत मोठ्यानं गात होतास, बेसूर. मी मागून विचारलं, “खरं सांग, मुद्दाम चुकलास का?”

“मंग? मले माईत होतं, त्या वर पाह्यतीन म्हनून.”

“खोटं. तुला जमलंच नाही.”

“मुद्दामच केलं.”

हे भांडण आपण सहा महिने चालवलं. चहावर, फोनवर, एकदा तर कुणाच्या साखरपुड्यात. अजून माझा विश्वास नाही. आणि तो फोटो कुणी काढला, हेही तसंच राहिलं. बटण तर मी दाबलं होतं. अंकात तू छायाचित्र म्हणून स्वतःचं नाव टाकलंस आणि मी गप्प बसलो, कारण ते नाव तिथं शोभत होतं.

नावाची अक्षरं तू कॉम्प्युटरवर केली नाहीस. पूर्वी बोर्ड रंगवायचास, तो ब्रश काढलास. किती कागद गेले. ‘दुगुन’ची शिरोरेघ तू पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एका श्वासात ओढलीस, आणि खाली दोन उकार असे वळवलेस, की वाटावं अक्षरं खाली वाकून ऐकत आहेत. आम्ही दोघं, वहिनी आणि मी, तुझ्या मागं उभे होतो. तूच म्हणालास, “जमलं वाटते.”

आणि मग तू त्या अक्षरांवर मथुराबाईंचा फोटो बसवलास, आणि त्यांच्या पदरानं ‘गु’चा उकार झाकला.

“लोक ‘दुगन’ वाचतील,” मी म्हणालो.

“वाचू दे.”

“अरे, मोठ्या मासिकांना हे परवडतं. त्यांचं नाव सगळ्यांना पाठ असतं. आपलं अजून कुणी ऐकलेलंही नाही.”

“म्हनूनच. नाव झाकलेलं दिसलं का मानसाले वाटते, हे लय दिवसाचं हाय, मलेच कसं माईत नाई. तो मनातल्या मनात लाजते. लाजला का हातात घेते.”

“हा कुठला नियम? तुझ्या त्या फरशीवरच्या मासिकांत तरी आहे का?”

“साऱ्यायत हाय. तू पाह्यलाच नाई.”

वहिनी मधे पडल्या. “तुमी दोघं चहा घ्या आधी. थंडा होऊन राह्यला.”

चहा झाला, आणि तू जिंकलास. पण खालच्या मोठ्या ओळीवर मी हटलो नाही. तुला तिथं बाईंचंच वाक्य हवं होतं, जसंच्या तसं: ‘पोट्ट्या, सम कुठी हाय?’ मी म्हणालो, पुण्या-नागपुरातले जाणकार वाचतील, त्यांना वाटेल गावठी विनोद आहे. संपादक मी होतो. ओळ गेली ‘समेवर अढळ’. बाईंचं वाक्य मात्र तू कोपऱ्यातल्या टिकलीत घातलंस, पिवळ्यावर लाल.

अंक आला आणि जो तो ती टिकली वाचून हसायचा, मग चेहरा पाहायचा, मग पान उलटायचा. ‘समेवर अढळ’ कुणाच्याही तोंडून मी ऐकलं नाही. पुण्याहून एका वाचकाचं पत्र आलं. त्यानंही टिकलीतलीच ओळ लिहून काढली होती. ते पत्र मी तुला दाखवलं, पण ‘तुझं बरोबर होतं’ हे काही म्हणालो नाही. तू वाट पाहत होतास, हे मला दिसत होतं. का म्हणालो नाही, शशी? तीन शब्दांचं काम होतं. आज म्हणतो. तुझं बरोबर होतं. आपल्या भाषेची लाज मला वाटली, तुला नाही वाटली.

बसस्टँडवरच्या स्टॉलवर पहिल्याच दिवशी एक जण आला आणि म्हणाला, “तो ‘दुगन’ देजा.” तू तिथं लपून उभा होतास. तिथूनच मला फोन केलास आणि काही न बोलता नुसता हसत राहिलास. त्या माणसानं अंक विकत घेतला होता.

डोणगावला अंक द्यायला गेलो तो दिवस तर मी कुणालाही सांगत सुटतो. मंडळातल्या सगळ्या बाया जमल्या होत्या. मथुराबाईंनी अंक हातभर लांब धरला, जवळ आणला, पुन्हा लांब धरला. “हे बाई कोनावर रागावली?” त्यांनी विचारलं. मग त्यांनी बायांकडे पाहिलं. “येवढी रागीट हाव काय मी?”

“हाव,” साऱ्या बाया एका सुरात म्हणाल्या.

त्या खूप हसल्या. मग अंक पदराला पुसला आणि तुला म्हणाल्या, “पन चांगली दिसते रे. कोनाले भेत नाई अशी दिसते.” तू त्यांच्या पाया पडलास, आणि उठताना तोंड दुसरीकडे केलंस. मी पाहिलं होतं.

दुसऱ्या अंकाला तू थांबायलाच तयार नव्हतास. मोताळ्याच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे उत्तमभाऊ आपण दोघांनी मिळून निवडले. बाजाराच्या दिवशी आपण राजूर घाट उतरून गेलो. बाजारामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बँडची तालीम होती. लाल कोट, सोनेरी झालर, बाहेरून कांद्या-लसणाच्या ओरडण्याचा आवाज, आणि मधे ती क्लॅरिनेट सुरी फिरावी तशी. तू किती फोटो काढलेस त्याला गणती नाही. वाजवताना काढलेस, थांबवून काढलेस, खुर्चीवर चढून काढलेस. घाट चढताना तू मला म्हणालास, “मास्तर, हे पहिल्याचा बाप होनार हाय.”

चौथ्या दिवशी सकाळी तू गेलास. घरी चहा घेत होतास, छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

जे घडलं आणि तुला कळायला हवं, ते असं. तिसऱ्या दिवशी तुझे मित्र श्रद्धांजलीचा फ्लेक्स करायचं ठरवून दुसऱ्या दुकानात निघाले होते. तुझ्या दुकानाचं शटर बंद, दुसरं कुठं जाणार? वहिनींना ते कळलं. त्या उठल्या, किल्ली घेतली आणि दुकानात गेल्या. मी मागोमाग. त्यांनी कॉम्प्युटर सुरू केला, तुझा फोटो निवडला, मागचं झाड कापून काढलं, कडा साफ केल्या. डोळे वाहत होते, हात चालत होते. मी म्हणालो, “वहिनी, राहू द्या, कुणीतरी करेल.”

“कोनी करन, भाऊजी,” त्या म्हणाल्या, “पन ‘श्रद्धांजली’ची येलांटी चुकवन. ह्यायले ते खपलं नसतं.”

चौकात तो फ्लेक्स लागला, तेव्हा तुझ्या धंद्यातली दोन माणसं खाली उभी राहून बराच वेळ पाहत होती. एक दुसऱ्याला म्हणाला, “कटिंग पाह्य.” मला तुझा इतका अभिमान वाटला, आणि वहिनींचा.

मग सगळ्यांचं एकच सुरू झालं, की दुसऱ्या अंकाच्या कव्हरवर तुझा फोटो घ्या. मलाही तेच वाटत होतं. खरं तर मी ते ठरवूनच वहिनींकडे गेलो होतो. काळी चौकट, तुझं हसणं, वर तुझ्याच हातची अक्षरं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “हे काय वाजवत होते का?”

“नाही,” मी म्हणालो.

“मंग ह्यायचा फोटो गान्याच्या पुस्तकावर कायले? उत्तमभाऊले सांगून ठेवलं हाय ना तुमी दोघायनं? तो मानूस वाट पाहून राह्यला असन.” मग म्हणाल्या, “फोटो साऱ्या कॉम्प्युटरात हायेत. मी लावीन.”

मला त्यांच्याकडून अशी अपेक्षा नव्हती, आणि याची मला आता लाज वाटते. इतकी वर्षं आपण दोघं फरशीवर बसून मोठमोठ्या गोष्टी करायचो आणि त्या कोपऱ्यातून सगळं ऐकत होत्या. फूटपट्टी त्यांनी कधी उचलली नव्हती, पण मापं सगळी पाठ होती.

काल सकाळी त्यांनी मला बोलावलं. कव्हर स्क्रीनवर तयार होतं. नाव वर, शिरोरेघ या कडेपासून त्या कडेपर्यंत. डाव्या अंगाला लेखांची नावं. एकच चेहरा. पण उत्तमभाऊंचे डोळे मिटलेले होते. गाल फुगलेले, कपाळावर घामाचा थेंब, क्लॅरिनेट तोंडात, आणि डोळे मिटलेले.

“वहिनी, हा नाही चालणार. त्यांचा समोर पाहतानाचा फोटो आहे की. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत डोळे पाहिजेत.”

“कोन म्हन्लं?”

“नियम आहे तो. सगळी मासिकं तेच करतात.”

“मथुराबाई रागावली म्हनून तिनं वर पाह्यलं. उत्तमभाऊ कायले पाहीन? तो वाजवतानी कोनाकडंच पाह्यत नाई.” त्यांनी खुर्ची माझ्याकडे फिरवली. “भाऊजी, येवढ्या वराती त्यानं वाजवल्या. साऱ्या लोकायनं नवरदेव पाह्यला, घोडा पाह्यला. वाजवनाऱ्याले कोनं पाह्यलं? आता पाहू द्या ना लोकायले. त्यानं कायले पाहाव?”

मी ऐकलं नाही. मी भांडलो. साचा सोडला तर लोक काय म्हणतील, ते मी मोठ्यानं सांगितलं. त्यांनी दुसरा फोटो लावून दाखवला, पहिला लावून दाखवला, पुन्हा दुसरा. मग मी डावीकडची पट्टी दाटली आहे म्हणालो. त्यांनी एक ओळ काढली आणि ती खरंच मोकळी झाली. मग कोटाच्या लालवरून झालं. मी म्हणालो, हा चौथा रंग होतो. त्या म्हणाल्या, तर मग पिवळा काढा. पिवळा काढला. काढल्यावर झालरीचं सोनं असं उठून आलं, की आम्ही दोघंही खुर्च्या पुढं ओढून बसलो. मोठी ओळ कोणती, यावर मी तोंड उघडायच्या आत त्यांनी लेखातलं उत्तमभाऊंचं एक वाक्य टाइप केलं, मोताळ्याच्या बोलीत, एक अक्षर न बदलता. ते मी तसंच राहू दिलं. डोळ्यांवरून मात्र शेवटपर्यंत भांडलो. कुणीतरी चहा आणून ठेवला. बाहेर कोर्टाची मधली सुट्टी झाली. शेवटी मी तो मिटल्या डोळ्यांचा फोटो दूर उभा राहून पाहिला, रस्ता ओलांडून पलीकडून पाहिला, आणि परत येऊन म्हणालो, “पाठवा.” त्यांनी फाइल पाठवली.

मोटरसायकल सुरू करून मी वळणापर्यंत आलो आणि मला गाडी बाजूला घ्यावी लागली. सकाळपासून दुपारपर्यंत, त्या सगळ्या भांडणात, तू आता नाहीस हे मला एकदाही आठवलं नव्हतं. मी तुझीच वाक्यं बोलत होतो आणि ती तुझी आहेत हेही विसरलो होतो. मला फार अपराधी वाटलं. वहिनींसमोर कसं जावं ते कळेना.

आज सकाळी त्यांचाच फोन आला. छापखान्यातून निरोप आहे, रंग छान उतरलेत, असं सांगितलं.

“भाऊजी, एक सांगू? काल तुमी गेल्यावर मी घाईघाईनं शटर ओढलं. कुलूप लावता लावता ध्यानात आलं, की मी कायले घाई करून राह्यली. मले घरी जाऊन ह्यायले सांगाचं होतं, का मास्तर हारले म्हनून.”

फोन ठेवला आणि कागद पुढं ओढला.

तर त्यांच्या वतीनं मीच सांगतो, शशी. मास्तर हरला.